मुलीला नर्सिंगला जायचंय, तेही मिशनच्या कॉलेजात, घरात महाभारत सुरू आहे

रामबागची_आई

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले, चार पिढ्या इथेच. धाकटी बारावीला आहे, बायो घेऊन. गेल्या वर्षी भंवरकुआंला नीटचा क्लास लावला, पैसे किती भरले ते विचारू नका, आणि दिवाळी झाल्यावर एक दिवस पोळी मोडता मोडता बाईसाहेब म्हणाल्या, आई मला डॉक्टर नाही व्हायचं, मला बीएस्सी नर्सिंग करायचंय. ह्यांचा घास हातातच राहिला.

झालं असं की पावसाळ्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, अकरा दिवस हॉस्पिटलात होत्या आणि रात्री हीच थांबायची. तिथे केरळची एक सिस्टर होती, ती दर दोन तासांनी येऊन सासूबाईंची कूस बदलायची, रात्री तीनला पण, आणि पाठीवर, टाचांवर बॅटरी मारून बघायची की कुठे लाल तर झालं नाही ना. शेजारच्या खाटेवरच्या आजी दुसरीकडून आल्या होत्या, त्यांच्या पाठीला एवढं मोठं बेडसोर. पोरीने दोन्ही पाठी बघितल्या, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच.

आता तिने शोधून काढलंय की वेल्लोरचं सीएमसी म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, लुधियानाचं सीएमसी, बंगलोरचं सेंट जॉन्स, असल्या ठिकाणी शिकायचं. सगळी ख्रिश्चन कॉलेजं. ह्यांचं म्हणणं मार्क बरे येतायत तर नर्स कशाला. दिरांचं म्हणणं तिकडे पाठवाल तर पोरगी गळ्यात क्रॉस घालून परत येईल. आणि ज्यांच्यापायी हे सगळं झालं त्या सासूबाई गप्प, दोन्ही बाजूंनी नाहीत.

तर तिथे नेमकं काय शिकवतात, आत्तापासून तयारी काय करून घ्यायची, आपल्यासारख्या घरातल्या मुलीला जड जातं का, हे ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहा ना. टोमणे नंतर मारा.

पोहेवाला_भिया

काकू पहिले तर पोरीचं अभिनंदन. आमच्या मोहल्ल्यात तीन तीन वर्षं ड्रॉप घेऊन बसलेली पोरं ढीगभर आहेत, एकाला पण विचारा बाबा डॉक्टर का व्हायचंय तर वडिलांकडे बघतो. बाकी मला ह्यातलं काही कळत नाही, मी आपला बाजूला बसून वाचतो.

सुदामानगर_काका

वहिनी, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमच्या दिरांचं काही अगदी चूक नाही. मिशनवाले फुकट काही देत नाहीत हा आपला दीडशे वर्षांचा अनुभव आहे. आणि नर्सिंग म्हणजे रात्रपाळ्या, उद्या लग्नाच्या वेळी समोरचे काय विचारतील ते तुम्हालाच ऐकायचंय. इंदुरात कॉलेजं काय कमी आहेत? घरचा डबा खाऊन शिकेल की.

निवृत्त_लॅबवाला

काका, इंदुरात आणि एकूणच आपल्या एमपीत कॉलेजं कमी नाहीत हे खरं, त्यातली किती खरी आहेत हा प्रश्न आहे. मी एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, आसपास आयुष्य काढलं, लॅबमध्ये. २०२४ ची बातमी विसरलात का, हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआयने राज्यातली ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली, त्यात १६९ ठीक निघाली, ७३ मध्ये त्रुटी, ६६ अपात्र. आणि त्यावर कडी म्हणजे तपासणी करणाऱ्यांपैकीच काही जण लाच घेताना पकडले गेले, मग कोर्टाने पुन्हा तपासणी लावली, ह्या वेळी व्हिडिओ काढून. कागदावर कॉलेज, कागदावर हॉस्पिटल, तीच मॅडम चार कॉलेजांत प्रिन्सिपल. ह्यात मेली कोण तर पोरं, परीक्षाच होत नव्हत्या, चार वर्षांचा कोर्स संपतच नव्हता.

आमच्या नात्यातली एक मुलगी अशाच एका ठिकाणी होती, नाव लिहीत नाही, दोन वर्षांत तिने एकदाही खऱ्या पेशंटला इंजेक्शन दिलं नव्हतं, संत्र्यावर टोचायला शिकवलं आणि फी पूर्ण घेतली.

म्हणून ताई, तुम्ही धर्म वगैरे बाजूला ठेवा, कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का ते आधी बघा. इंडियन नर्सिंग काउन्सिलचा नियम आहे की कॉलेजचं स्वतःचं निदान १०० खाटांचं हॉस्पिटल पाहिजे. त्या खाटांवर पेशंट आहेत का हे मात्र कागद बघून कळत नाही, सकाळी अकराला ओपीडीसमोर जाऊन उभं राहायचं. रांग दिसली तर कॉलेज खरं. मिशनच्या जुन्या कॉलेजांचं हेच आहे, आधी हॉस्पिटल झालं, शिकवायची गरज पडली म्हणून मागून कॉलेज आलं. आपल्याकडच्या दुकानदारीत आधी फीचं काउंटर उघडतं.

कायद्याचा_किडा

थोडं नियमांचं लिहितो कारण लोक घोळ करतात. नीट लागते ती एमबीबीएस, बीडीएसला, मग कॉलेज मिशनचं असो की सरकारी. सीएमसी वेल्लोरचा ह्यावर बरीच वर्षं वाद चालू होता, त्यांची निवडीची स्वतःची पद्धत होती, लेखी आणि त्यानंतर कसून मुलाखती, पोरगं छोट्या गावात जाऊन राहील का हे ते बघायचे. २०१७ मध्ये तर त्यांनी १०० पैकी एमबीबीएसची फक्त १ सीट भरली, बाकी रिकाम्या ठेवल्या, पण आपली पद्धत सोडून भरल्या नाहीत. शेवटी एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू, घटनेच्या कलम ३० चा, म्हणजे अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा, हक्क त्याने मोडत नाही.

बीएस्सी नर्सिंगचं वेगळं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्लिश, एकूण किमान ४५ टक्के, वय १७ पूर्ण. प्रवेशाची पद्धत प्रत्येक राज्याची आणि कॉलेजची वेगळी, त्यामुळे ह्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस उतरवून स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. इंदुरात बसून साउथच्या ॲडमिशन करून देणारे भिया खूप आहेत, त्यांच्यापासून चार हात लांब.

रामबागची_आई

बाप रे, लॅबवाले दादा ते संत्र्याचं वाचून पोट ढवळलं. त्या ३०८ ची बातमी ह्यांना वाचून दाखवली, तेव्हा पहिल्यांदा ते "हं" म्हणाले. काका, लग्नाचं बघू हो, आधी बारावी तर होऊ दे.

नगरकर_इंदूरवाले

काका, मी ह्या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होते, मग म्हटलं लिहूनच टाकू. आम्ही मराठी ख्रिस्ती, आजोबा अहमदनगरकडून इथे नोकरीला आले, छावणीत राहिलो. माझ्या घरात गौरीला पुरणपोळी होत नाही पण नाताळात करंज्या, चकली, अनारसे सगळं होतं, तर आम्ही काही आकाशातून पडलेलो नाही.

आता खरं सांगते. मिशनच्या कॉलेजात आमच्या मुलांना सीट ताटात वाढून मिळते असं जर कुणाला वाटत असेल तर तसं नाहीये. आमच्या पोरांना चर्चचं किंवा मिशन हॉस्पिटलचं स्पॉन्सरशिपचं पत्र मिळवायला लागतं, त्यासाठी आमच्यातच मारामारी, आणि त्या पत्रावर सीट मिळाली की कोर्स झाल्यावर त्या मिशनच्या हॉस्पिटलात काही वर्षं सेवा. ती हॉस्पिटलं कुठे असतात, तर जिथे बस दिवसातून दोनदा जाते तिथे. माझा भाऊ छत्तीसगडात होता असाच. ओपन सीट पण असतात, त्यावर सगळ्या धर्माची मुलं येतात. त्यामुळे ताई, फॉर्म भरताना कुठल्या कॅटेगरीतून भरताय आणि त्याला बॉण्ड काय आहे एवढं नीट वाचा.

आणि काका, मिशनवाल्यांनी इंदूरला काय दिलं म्हणाल तर क्रिश्चियन कॉलेज १८८७ चं आहे, किशोरकुमार तिथलाच, इथल्या किती मराठी घरांतले आजोबा पणजोबा तिथे बीए बीएस्सी झाले ते तुमच्याच नात्यात विचारा. आणि त्याच्याही आधी १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी नावाची बाई कॅनडाहून इंदुरात आली, बायकांना औषध द्यायला. मग डॉ. मेरियन ऑलिव्हर आल्या. त्या काळात इथल्या घरातली बाई मरेल पण पुरुष डॉक्टरला हात लावू देणार नाही अशी परिस्थिती होती.

सुदामानगर_काका

ताई, तुमच्याबद्दल व्यक्तिशः काही नव्हतं. माझे वडील स्वतः क्रिश्चियन कॉलेजचेच, १९५२ ची बॅच. पण आनंदीबाई जोशींना अमेरिकेत जायला मदत मागितली तेव्हा मिशनरी काय म्हणाले ते वाचलंय मी, आधी धर्म बदला. तेवढंच म्हणायचं होतं.

मालवी_मिरची

काका पूर्ण सांगा ना मग. गोपाळरावांनी विल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, त्याने बाप्तिस्म्याची गोष्ट काढली हे खरं. पण ते पत्र छापून आलं आणि ते वाचून न्यू जर्सीच्या ज्या कार्पेंटर बाईंनी आनंदीबाईंना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं त्या पण ख्रिस्तीच होत्या की, त्यांनी कुठली अट घातली? आणि आनंदीबाईंनी १८८३ मध्ये निघायच्या आधी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत सांगितलं की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, आणि तशाच आल्या, १८८६ ला एमडी होऊन. बिचारी पुढे वर्षभर पण जगली नाही. पण शाकाहार, साडी, सगळं सांभाळून फिलाडेल्फियाच्या थंडीत राहिली ती. आपल्या मुली तर काटपाडीला उतरून अर्ध्या तासात वेल्लोर.

पोहेवाला_भिया

काका आता पोहे तुमच्याकडून 😄

सिस्टर_इनचार्ज

मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

मी इंदूरचीच, नारायण बागेतली, घर अगदी सोवळ्याओवळ्याचं, आजी अळणी उकडीचे मोदक पण सोवळ्यात करायची. १९९६ ला दक्षिणेतल्या एका मिशन कॉलेजात बीएस्सी नर्सिंगला गेले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, लिहिलं की लोक मेसेज करतात ॲडमिशन करून द्या. सध्या इंदूरलाच एका आयसीयूत इनचार्ज आहे.

ताई तुमच्या सासूबाईंचं वाचलं तेव्हाच कळलं तुमची मुलगी कुठल्या गोष्टीवर भाळली. पहिल्या वर्षी आम्हाला सहा आठवडे काय शिकवलं असेल? खाट करायला. खरंच. चादर कशी अंथरायची, कोपरा पंचेचाळीस अंशात कसा दुमडायचा, आणि मग ट्यूटर तळहात फिरवून बघायची, एक सुरकुती लागली की सगळी चादर ओढून काढायची, पुन्हा. आम्ही रडायचो, बारावीला केमिस्ट्रीत नव्वद घेऊन इथे चादरी घालायला आलो का. मग तिसऱ्या महिन्यात वॉर्डात एक पॅराप्लेजिक माणूस बघितला ज्याला कमरेखाली काहीच कळत नव्हतं, त्याच्या पाठीखाली चादरीची एक घडी राहिली होती रात्रभर, सकाळी तिथे बोटाएवढी लाल रेघ. दाबलं तरी पांढरी होईना. म्हणजे आत रक्त फिरायचं थांबलंय, तिथून फोड, तिथून जखम. त्या दिवसानंतर मी माझ्या घरच्या गादीवर पण सुरकुती ठेवत नाही, नवरा हसतो.

दुसरं, बेडपॅन. मला वाटायचं हे आया करतात. पहिल्या दिवशी आमच्या ट्यूटरने, पन्नाशीच्या होत्या त्या, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, स्वतः बेडपॅन दिलं, स्वतः काढलं, त्या म्हातारीला पुसलं, पावडर लावली, आणि बेडपॅनमध्ये काय दिसतंय ते आम्हाला दाखवून लिहून घ्यायला लावलं, रंग, घट्ट की पातळ, रक्त आहे का. म्हणाल्या, हे आयाला दिलंत तर रक्त दिसलेलं तुम्हाला कोण सांगणार. मी बाहेर येऊन ओकले. दुसऱ्या दिवशी नाही ओकले.

आता धर्माचं, कारण सगळ्यांना तेच ऐकायचंय. सकाळी ड्यूटीआधी पंधरा मिनिटं असेंब्ली असायची, एक गाणं, बायबलातला उतारा, प्रार्थना, मग वॉर्ड वाटप. हजेरी लागायची. मी उभी राहायचे, ते त्यांचं म्हणायचे मी मनात रामरक्षा म्हणायचे, साधारण बरोबरच संपायचं. गणपतीत खोलीत छोटी मूर्ती बसवली तर वॉर्डन येऊन म्हणाली उदबत्ती नको, शेजारच्या मुलीला दमा आहे. बस. तुम्ही ख्रिश्चन व्हा असं चार वर्षांत मला कुणी म्हणालं नाही. एक मुलगी आमच्या बॅचची पुढे झाली ख्रिश्चन, ते पण लपवत नाही, तिने ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं. ते इंदुरात राहून पण होतं.

पण एक गोष्ट तिथेच शिकले ती सांगते. पहिला मृत्यू. रात्रपाळीत एक आजोबा गेले, नातेवाईक कुणी नव्हतं. गेल्यावर नर्सचं काम असतं, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, नावाची पट्टी लावायची. सीनियर सिस्टर माझ्यासोबत होती. ती पुसता पुसता त्यांच्याशी बोलत होती, तमिळमध्ये, अप्पा आता हात उचलते हं, अप्पा आता कुशीवर घेते. मी म्हटलं सिस्टर ते गेलेत ना. ती म्हणाली मला माहिती आहे, आणि पुन्हा बोलायला लागली. मी आज माझ्या ज्युनियर मुलींसमोर हेच करते, मराठी माणूस असला तर मराठीत, आणि ह्या मला तेच विचारतात.

तयारीचं म्हणाल तर इंग्लिश. हे सगळ्यात आधी. पुस्तकं इंग्लिश, चार्ट इंग्लिश, रात्री दोनला डॉक्टरला फोन करून पेशंटची हालत तीन वाक्यांत सांगायची तेही इंग्लिशमध्ये. आपल्या एमपी बोर्डाच्या मुली इथेच मार खातात. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. मग गणित, हो गणित. सलाइन ५०० मिली चार तासांत द्यायचंय, सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, साधारण ४२. हे कॅल्क्युलेटरशिवाय, खाटेशेजारी उभं राहून, पेशंटचा मुलगा तुमच्यावर ओरडत असताना जमलं पाहिजे. बायोत मानवी शरीराचे धडे पक्के, झाडं नंतर. आणि हेपटायटिस बीची लस झाली नसेल तर आत्ता सुरू करा, तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे ॲडमिशनपर्यंत पुरं होईल. ह्याची आठवण कुणी करून देत नाही आणि मग पहिल्या वर्षी सुई टोचली की रडारड.

मुलाखतीत "लहानपणापासून सेवेची आवड" असं म्हणू देऊ नका तिला. शंभर मुली तेच म्हणतात. दोन पाठींची गोष्ट सांगू दे, तुम्ही इथे लिहिलीत तशीच.

मनवा_इंदोरी

ताई काय भारी लिहिलंय 🙏 मी सध्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे, मिशनचंच कॉलेज आहे साउथचं. (२०२१ पासून सेमिस्टर झालेत, आठ सेमिस्टर.) ग्लॅमर काढून सांगते कारण सिस्टर ताईंनी जरा जास्तच छान लिहिलं.

मोबाइल रात्री ठराविक वेळी जमा. गेट संध्याकाळी बंद. जेवणात सांबार, रसम, सांबार, पुन्हा रसम, पहिला महिना मी इंदूरच्या शेवेवर काढला, आईने पाच किलो पाठवली होती ती सगळ्या फ्लोअरने संपवली. सगळ्यात मोठं झंझट भाषेचं. पेशंट इंग्लिश बोलत नाही, हिंदी तर अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात मी एका आजीला विचारलं "वलिक्कुदा?" म्हणजे दुखतंय का, तर ती अशी काही धडाधड बोलत सुटली की मला एक शब्द कळला नाही, मी मान हलवत राहिले, नंतर कळलं ती म्हणत होती की मला बाथरूमला जायचंय. मग काय व्हायचं ते झालं आणि मलाच चादर बदलायला लागली, कोपरे दुमडून 😭

आता मात्र बऱ्यापैकी बोलते. "साप्टिंगळा" म्हणजे जेवलात का, हे विचारलं की कुठलीही आजी विरघळते. काकू, तिला म्हणा साउथला यायचं असेल तर पन्नास वाक्यं घरूनच शिकून ये. लुधियानाला हे टेन्शन नाही, पण तिथे पंजाबी आहे आणि थंडी.

निवृत्त_लॅबवाला

लुधियानाचा विषय निघाला म्हणून, ते कॉलेज १८९४ मध्ये डॉ. एडिथ ब्राउन ह्या बाईंनी बायकांना डॉक्टरी शिकवायला काढलं. वेल्लोरची गोष्ट तर अजून विलक्षण, इडा स्कडर, मिशनऱ्याची मुलगी, तिला हे मिशन वगैरे काही करायचं नव्हतं, अमेरिकेतून आईचं आजारपण बघायला आली होती. एका रात्रीत तीन माणसं वेगवेगळी दाराशी आली, तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या, तिघांनाही बाई डॉक्टर पाहिजे, तिचे वडील डॉक्टर होते ते यायला तयार पण तिघांनीही नको म्हटलं. सकाळपर्यंत तिघी गेल्या. मग ती परत जाऊन डॉक्टर झाली, १९०० मध्ये एका खाटेवर दवाखाना, १९०९ ला नर्सिंगची शाळा, १९१८ ला मुलींसाठी मेडिकल स्कूल, १९४६ ला बीएस्सी नर्सिंग, दिल्लीबरोबर देशात पहिलं. क्रम बघा, नर्सिंग डॉक्टरीच्या आधी सुरू झालंय.

आणि आपल्या मराठी लोकांना मिरज आठवायला हरकत नाही. वानलेस हॉस्पिटल पण १८९४ चंच, सांगली मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी त्याच डॉक्टरच्या नावाची. माझ्या आईचं ऑपरेशन तिथे झालं होतं, १९६८ ला, इंदूरहून मिरजेला नेलं होतं वडिलांनी, मधे दोन गाड्या बदलून.

एका_मुलाचा_बाप

आमचा मुलगा नर्सिंगला आहे, हो, मुलगा. नातेवाइकांत सांगताना मी पण आधी "मेडिकल लाइनला आहे" असं म्हणायचो, आता सरळ सांगतो. ज्यांना पगाराची काळजी आहे त्यांच्यासाठी, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची नॉरसेट म्हणून परीक्षा असते २०२० पासून, पास झाला तर मूळ पगार ४४,९०० पासून सुरू, भत्ते वेगळे, एम्स भोपाळ तर आपल्या घरचंच. प्रायव्हेटमध्ये मात्र सुरुवातीला फार कमी देतात, आमच्या ओळखीत इंदुरातच एका ठिकाणी बारा तास ड्यूटीचे इतके कमी देत होते की आकडा लिहायला लाज वाटते. म्हणून डिग्री चांगल्या जागेची पाहिजे. दुसऱ्या राज्यातून शिकून आली तर रजिस्ट्रेशन आधी तिकडच्या काउन्सिलला, मग एनओसी घेऊन एमपीला, हा कागदांचा त्रास धरून चाला.

सुदामानगर_काका

मी गप्प वाचत होतो. सिस्टर, ते अप्पांचं दोनदा वाचलं. माझी बायको मागच्या वर्षी गेली, आयसीयूत होती, आम्हाला आत सोडत नव्हते. शेवटचे दोन दिवस तिच्याशी कुणी बोललं असेल का हे मला कधी विचारायचं सुचलं नाही.

सिस्टर_इनचार्ज

काका, कुठल्या हॉस्पिटलात होत्या मला माहीत नाही, पण रात्रीची सिस्टर बहुतेक बोललीच असेल. कूस बदलताना न बोलता आम्हाला बदलता येतच नाही, सवयच लागते.

रामबागची_आई

तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, माफ करा. बातमी अशी की फॉर्म भरला, दोन ठिकाणी, ओपनमधून. सही ह्यांनीच केली. दिरांनी काही म्हटलं नाही, फक्त म्हणाले तिकडे शेव पाठवायची सोय बघा, मनवाची पोस्ट त्यांनी पण वाचली वाटतं. हेपटायटिस बीचा पहिला डोस झाला.

आणि हे ऐका. बाईसाहेबांनी युट्यूबवर बघून नाडी मोजायला शिकून घेतलंय आणि रोज संध्याकाळी सासूबाईंचं मनगट धरून बसते. कुठेतरी वाचलं तिने की श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नसतं, सांगितलं की माणूस मुद्दाम वेगळा श्वास घेतो, म्हणून नाडी धरल्याचं नाटक चालू ठेवायचं आणि डोळे छातीकडे. तर काल नाडीचं मिनिट झालं, ७८, आणि हिने हात सोडला नाही, सासूबाईंच्या पदराकडे बघत बसली. अर्ध्या मिनिटाने सासूबाई म्हणाल्या, "नाडी मोजून झाली तुझी कधीच, आता श्वास मोजतेयस ना? मोज, मी काही बोलत नाही." आणि खरंच गप्प बसल्या, एकदम सरळ, शाळेत फोटो काढताना बसतात तशा. मग काय, आकडा चुकलाच, १२ आला.

हॉस्पिटलात त्या सिस्टरकडे सासूबाईंचं अकरा दिवस लक्ष होतं म्हणजे, आम्हाला वाटलं त्या झोपल्यात.

एक विचारायचं राहिलं, मनगटाला घड्याळ चालत नाही ना वॉर्डात, ते छातीला टाचायचं घड्याळ, सेकंद काटा असलेलं, ते इंदुरात कुठे मिळेल? सासूबाईंना ते नातीला घेऊन द्यायचंय, स्वतःच्या पेन्शनमधून, मला पैसे देऊ देत नाहीयेत.

मनवा_इंदोरी

काकू एमवायच्या समोर युनिफॉर्मची दुकानं आहेत ना तिथे विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. उलटं लटकणारं घ्या, म्हणजे खाली वाकून बघितलं की आकडे सरळ दिसतात. आणि स्वस्तातलं घेऊ नका, माझं पहिल्याच महिन्यात बादलीत पडलं.

पोहेवाला_भिया

आजींना माझा नमस्कार सांगा. श्वास उद्या पुन्हा मोजायला लावा, पण त्यांना न सांगता.